एकशे चौदावी ओळ

“दादा, गच्चीवरच्या त्या बादलीतलं गवत उपटून टाकू का? तुळस लावायचीय त्यात,” तनुजा चहा पुढे ठेवताना म्हणाली आणि काकासाहेबांच्या हातातली बशी कलंडली. चहा पायजम्यावर सांडला, मांडीला चटका बसला आणि तोंडातून शब्द गेले ते सुनेला आजवर कधी न ऐकवलेले: “हात तर लावून बघ.” तनुजा फडकं आणायला आत गेली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. ते गवत आहे, चिमण्यांसाठी लावलंय, असं काकासाहेबांनीच घरात सांगून ठेवलं होतं, आणि मुलाने-सुनेने ते मानलं होतं, कारण म्हाताऱ्या माणसाच्या असल्या खोट्याची कुणी झाडाझडती घेत नाही. लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, राग आला, आणि तो तनुजाचाही नव्हता. उपटणं हा शब्द तिने मेथी निवडायला घ्यावी इतक्या सहज उच्चारला होता. एकतीस वर्षं तेही तो असाच उच्चारत आले होते.

काकासाहेबांची सगळी नोकरी उपटण्यात गेली. बियाण्यांच्या कंपनीत ते शेत-सहायक. कागदावर कामं पुष्कळ होती, खरं काम एकच: भेसळ काढणं. बियाण्याच्या प्लॉटात हजारो रोपं एका आईची लेकरं दिसायला हवीत. त्यात एखादं उंच निघालं, एखादं ठेंगणं, एखाद्याचं पान जरा गडद, एखादं चार दिवस आधी फुलावर, की ते भेसळ. फूल उमलायच्या आत मुळासकट बाहेर. बाजरी असो, कापूस असो की साळ, काकासाहेब बांधावरून नुसते चालत गेले तरी वेगळं रोप त्यांच्या डोळ्यात कुसळासारखं सलायचं. शंका आली की उपटायचं, रोप काय आपलं सोयरं नाही, हे त्यांचं वाक्य नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ऐकावं लागे. ही नजर कामावरून सुटली की घरी येई. लग्नाच्या पंगतीत एकच द्रोण तिरपा, समोरच्यांच्या जिन्याची एक फरशी उलटी बसवलेली, तनुजाच्या माहेरच्यांच्या बोलण्यात एक शब्द इकडचा नाही, हे सगळं त्यांना दिसायचं आणि दिवसभर पुरायचं. बायको म्हणायची, तुमच्या डोळ्यांना जगात नुसता खडाच दिसतो. ती जाऊन सहा वर्षं झाली. तिचं खरं होतं हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही. पण एकतीस वर्षांत या हाताने एकही चुकीचं रोप उपटलं नाही, ही त्यांची मिळकत होती. महिनाअखेरीला निवृत्ती. निरोपाच्या दिवशी साहेब नारळ हातात देऊन नेमकं हेच वाक्य बोलणार होते, आणि काकासाहेबांना ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. विशेषतः एका बाईसमोर.

पायजमा न बदलताच ते गच्चीवर गेले. पुंडलिकनगरातल्या गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. कुणाच्या वाळवणाच्या कुरडया, कुणाची डिश, कुणाची चड्डी, सगळं सगळ्यांना दिसतं. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला रंगाची बादली होती आणि तिच्यात साळ उभी होती, मांडीएवढी, ताठ. मोगरसाळ या जातीला असं उभं राहायची सवय नाही. ती घाटमाथ्यावरच्या जुन्या माणसांनी जपलेली जात. एका घरात शिजली तर गल्लीला कळावं असा वास, पण वाढते माणसाच्या छातीला. कणीस भरलं आणि वारा सुटला की अख्खं शेत आडवं, दाणा चिखलात. वास ठेवून ती बुटकी करायची, एवढ्यासाठी कंपनीने तिचं बियाणं मुंबईला पाठवून किरणांखाली धरून आणलं होतं. किरणांनी दाण्याच्या आत नेमकं काय मोडेल ते कुणाला सांगता येत नाही. पहिल्या वर्षी काही दिसतही नाही. दुसऱ्या वर्षी, म्हणजे यंदा, बारा हजार रोपांत एखादं निराळं निघालं तर निघालं. बाकीची सगळी थोरल्यांसारखीच उंच आणि लोळणारी. ते एखादं इथे होतं. नऊ कणसं. गेल्या आठवड्यातल्या वाऱ्याने शेजाऱ्यांचा पत्रा उडाला, हे हललं नाही. काकासाहेबांनी खाली बसून एका कणसाचा एकच दाणा खुडला, नखाने सोलला आणि दाढेखाली धरून सावकाश चावला. वासाची साळ अशीच पारखतात. आधी पिठूळ, मग गोडसर, मग नाकाच्या मागून तो वास आला, अगदी तोच, किरणांनी जराही न मोडलेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक वेगळं रोप वाढू दिलं होतं, रोज पहाटे तांब्याने पाणी घातलं होतं, आणि त्यांचा या रोपावर जीव जडला होता. हे त्यांनी मुलालाही सांगितलं नसतं.

आणि हे जिला द्यायला हवं होतं ती प्रांजली. डॉक्टर प्रांजली, या साळीच्या कामाची मुख्य, वय पस्तीस. काकासाहेब तिला मॅडम म्हणत आणि म्हणून झालं की पाणी पीत. सूर्यभान धनगराची पोर. हे त्यांच्या मनात दिवसातून दहा वेळा यायचं आणि दरवेळी काहीतरी सिद्ध झाल्यासारखं वाटायचं. काय, ते त्यांनी कधी तपासलं नाही. दौलताबादच्या अलीकडे त्यांच्या वडिलांची सोळा एकर जमीन होती, आणि सुगी उरकली की सूर्यभान आपला कळप घेऊन यायचा. मेंढरं रानात मुक्कामाला बसवायची, लेंड्यांचं खत जमिनीला, बदल्यात ज्वारी धनगराला, असा दोन्ही घरांचा जुना रिवाज. मेंढरांभोवतीच्या जाळीला धरून ही पोर उभी असायची, नाकाला शेंबूड, हातात भाकरीचा तुकडा. सहा वर्षांपूर्वी ती कंपनीत रुजू झाली तेव्हा त्यांनी आडनावावरून नाही, उभं राहण्यावरून ओळखली. तिनेही ओळखलं असणार, पण ती पहिल्या दिवसापासून काका म्हणाली आणि मागचं काही बोलली नाही. भेसळ काढायला तिला त्यांनीच शिकवलं. तिची नजर चांगली होती, हात त्याहून चांगला, आणि दोन महिने त्यांना शिकवण्यात आनंद झाला होता. ते आठवलं की आता जास्तच कडू वाटायचं. मग ती वर चढली. ते होते तिथेच राहिले. त्यांच्यासारख्याने शिकवायचं आणि धनगरवाड्याने साहेब व्हायचं, हा कसला न्याय, असं ते मनात म्हणत, आणि हे मोठ्याने म्हणायची सोय आता उरली नाही याचा त्यांना वेगळा राग होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी शेडमध्ये ती उंचीचं रजिस्टर चाळत होती. काकासाहेबांनी एका रोपाची उंची चुकून चौऱ्याण्णव लिहिली होती आणि मग नवाचा आकडा गिरवून आठ केला होता. भागूबाई आणि निंदणीच्या आणखी सहा बाया डबे ठेवायला आत आल्या होत्या, त्यांच्यादेखत तिने रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढे धरलं. “काका, गिरवायचं नाही. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. खोडलेलंसुद्धा पुढं कुणाला तरी लागतं.” आवाज चढला नव्हता. भागूबाईने पदर तोंडाला लावला. काकासाहेबांनी मान हलवली, मोजायची काठी उचलली आणि प्लॉटात उतरले. कान तापलेले, पायाखाली चिखल, आणि डोक्यात त्या सात बायांचे सात पदर. या प्लॉटात कुणी काहीही उपटायचं नाही असा हुकूम होता. निराळं दिसलं की लाल दोरा बांधायचा आणि हाक मारायची. म्हणजे आयुष्यभर जे फेकलं त्याला आता दोरा बांधून ओवाळायचं. ते ओळी मागे टाकत होते. एकशे चौदाव्या ओळीत, आठ रोपं मांडीएवढी, दहावं मांडीएवढं, आणि मधलं नववं गुडघ्याएवढं. त्यांनी ते पाहिलं की नाही? इथेच त्यांची सत्तर दिवसांची गाडी अडत होती. एवढं खरं की हात खाली गेला, अंगठा बुडाशी टेकला, मूठ वळली, आणि रोप मुळासकट वर आलं, तसं ते दर मोसमात हजारदा येत आलं होतं. मग ते नुसते उभे राहिले. मुळांवरून पाणी मनगटावर ओघळत होतं. हात आधी गेला की राग आधी गेला? हात असेल तर ती चूक, आणि एकतीस वर्षांची पाटी पुसली गेली. राग असेल तर त्याला वेगळं नाव आहे. दोन्हींपैकी एक तरी नक्की होतं, आणि कुठलं ते त्यांना तेव्हा कळलं नाही, नंतर तर ते स्वतःला रोज नवी साक्ष देत गेले. हाक मारायची वेळ दोन मिनिटं होती. ती गेली. त्यांनी रोप ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी प्रांजलीला ओळीतलं खिंडार दिसलं. तिने विचारलं, काकासाहेब म्हणाले की उंदराने कुरतडलं असेल. तिने त्यांच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग तसं रजिस्टरात लिहून त्यांची सही घेतली. त्यानंतरचे दिवस काकासाहेबांना गोड गेले, हे सांगायलाच हवं. ती रोज सकाळी सातला गुडघ्यापर्यंतच्या चिखलात उतरायची, चारशे ओळी, एका ओळीत एकाच आईची तीस, प्रत्येक रोपापाशी वाकायची, आणि हे बांधावर उभे राहून बघायचे. जे शोधत होती ते त्यांच्या गच्चीवर फुटवे काढत होतं. घरी येऊन ते रोपाला पाणी घालायचे आणि मनात म्हणायचे, शोध म्हणावं. गणपती गेले, दसरा गेला. तिची मान उन्हाने काळवंडली, बोलणं कमी झालं, एकदा ती बांधावर बसून बुटातला चिखल काढता काढता तशीच थांबून राहिली. त्या दिवशी काकासाहेब दोन पोळ्या जास्त जेवले. काल शुक्रवारी हैदराबादच्या मुख्य कचेरीतून निरोप आला: काही निघालं नाही, सोमवारी सगळा प्लॉट कापून टाका, काम बंद, मॅडमची बदली मक्याकडे. भागूबाईने ही बातमी त्यांना फाटकाशीच दिली. त्यांनी वाट पाहिली ती याचीच. आनंद आत कुठेतरी ठेवलेला होता, तो काढायला गेले तर जागेवर नव्हता. त्याऐवजी मनात आलं की कापणी झाली की जगात मोगरसाळीचं हे एकच बुटकं रोप उरेल, त्याचं नाव-गाव कुणाला ठाऊक नसेल, आणि एक दिवस सून त्या जागी तुळस लावेल.

म्हणून आज शनिवारी, सुट्टी घेतलेली असताना, ते बादली उचलून खाली आले. स्कूटरवर ती नेता आली नसती. तनुजा दारात होती. ती बाजूला झाली. क्रांती चौकात रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, “चाचा, इत्तीसी घास के वास्ते पूरी रिक्षा?” काकासाहेबांनी हातानेच पुढे चल म्हणून खुणावलं. बादली दोन पायांत धरली होती, कणसं गुडघ्यांना लागत होती, प्रत्येक गतिरोधकाला ते अंगठ्याने देठ सावरत होते. काय सांगायचं ते त्यांनी ठरवलं होतं. गच्चीवर आपोआप उगवलं. कामाच्या पँटच्या मुडपीत एखादा दाणा अडकून आला असेल, पडला असेल. तुम्हाला उपयोगी पडतंय का बघा. उपकार आपला, चूक कुणाचीच नाही. हे वाक्य त्यांनी नगर नाक्यापर्यंत चार वेळा म्हणून बघितलं. छावणी मागे पडली, पडेगावच्या अलीकडे रिक्षा थांबली. रस्त्यात मेंढरं होती. दिवाळीनंतर कळप उतरतात, तसा एक कळप डांबरावरून सावकाश पलीकडे चालला होता, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून दमला. एका मेंढीने रिक्षात मान घातली, थेट बादलीकडे. काकासाहेबांनी बादली छातीशी धरली आणि पायाने तिला ढकललं. तिच्या अंगाचा तो ओला, तुपकट वास रिक्षात राहिला.

हा वास कोंडवाड्याचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काकासाहेब तिशीचे होते, पदरी एक मूल, पण वडिलांसमोर वर मान करायची छाती नव्हती. म्हैस त्यांनी बांधायची होती. विसरले. सकाळी पाहिलं तर हिरव्या ज्वारीचा अर्धा पट्टा तुडवलेला, खाल्लेला, आणि म्हैस बांधावर रवंथ करत उभी. वडील यायच्या आत त्यांनी तिला दावणीला नेलं, तोंड धुतलं, आणि वडील आले तेव्हा म्हणाले की सूर्यभानच्या मेंढरांनी खाल्लं. खुरांचे ठसे कुणी बघितले नाहीत. ज्याच्या शब्दाला वजन त्याला ठशांची गरज पडत नाही. वडिलांनी कळप गावच्या कोंडवाड्यात घातला. सूर्यभान एवढंच म्हणत राहिला की माझी मेंढरं जाळीबाहेर गेली नाहीत, मालक, माझी मेंढरं जाळीत होती. तीन दिवस मेंढरं आत ओरडत होती, पाण्यावाचून दोन कोकरं गेली, आणि भिंतीला टेकून सात वर्षांची प्रांजली तीनही दिवस बाहेर बसून होती. काकासाहेब रोज सकाळी सायकलवरून तिच्यासमोरून दुधाची किटली घेऊन जायचे. दूध त्याच म्हशीचं. दंड भरून सूर्यभान गेला तो पुन्हा त्या रानात कधी बसला नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला. कंपनीतली सगळी माणसं पडेगावला जाऊन आली, काकासाहेबांना त्या दिवशी ताप होता. पायलीभर खोटं बोललेल्या माणसाला पसाभर खरं बोलणंही जड जातं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कळप संपला, रिक्षा निघाली. उंदीर आणि मेंढरं, उंदीर आणि मेंढरं, असं काहीतरी चाकांबरोबर डोक्यात फिरत राहिलं, आणि पाचव्यांदा म्हणून बघितलेलं ते वाक्य तोंडात भुसकट झालं.

शेडमध्ये प्रांजली एकटीच होती. बाया अर्ध्या दिवसाने गेल्या होत्या. प्लॉटातली साळ पिवळी पडून जागोजाग लोळली होती, पलीकडे किल्ल्याचा डोंगर उन्हात पांढुरका, आणि ती टेबलावर ओळींच्या नंबरपट्ट्यांचे गठ्ठे बांधत होती. काकासाहेबांनी बादली जमिनीवर ठेवली. तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. ती गुडघ्यांवर बसली, दोन बोटांनी बुंधा चाचपला, मोजायची काठी ओढून घेतली. “अठ्ठ्याहत्तर,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने एकेक कणीस तळहातावर घेतलं, आणि सातव्या कणसापाशी थांबली. वर न बघता तिने विचारलं, “इथला एक दाणा कमी आहे. हापण उंदरानं नेला?”

म्हणजे तिला माहीत होतं. कदाचित त्या दुसऱ्या सकाळपासून. “म्या खाल्ला,” ते म्हणाले. “वास बघाया.”

“आहे?”

“हाय. हुता तस्साच.”

दोघंही बादलीवर वाकले. जगात या घडीला फक्त दोन माणसांना कळत होतं की या बादलीत काय आहे, आणि ती दोन माणसं ही होती, हे काकासाहेबांना फार विचित्र वाटलं. तिच्या कानामागचा घाम त्यांना दिसत होता. आता ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा आभार मानेल, असं त्यांना वाटत राहिलं आणि कशाचीच तयारी नव्हती. ती उठली, गुडघे झटकले.

“ओळ कुठली?”

“तुमाला म्हायती हाय की.”

मला माहीत असून उपयोग नाही, कागदावर उंदीर आहे, असं ती म्हणाली, आणि मग हिशेब सांगावा तशा कोरड्या आवाजात तिने सगळं मांडलं. ओळ लागली नाही तर हे बादलीतलं बेवारस रोप. हैदराबादवाले म्हणतील, बाजारातली कुठलीही बुटकी साळ कुणीही आणून ठेवली असेल. ओळ लागली तर याच्या मागे आई उभी राहते, आणि त्या ओळीतली एकोणतीस भावंडं अजून शेतात आहेत, त्यांतल्या काहींच्या पोटात हाच गुण लपलेला असेल, ती सोमवारच्या आत वेगळी काढता येतील, सोमवारची कापणी थांबवता येईल. सगळं एका नोंदीवर आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या ओळीतलं, कुणी उपटलं आणि तेव्हा काय सांगितलं. उपटणाऱ्याच्या हाताने, सहीनिशी. काकासाहेब ऐकत होते आणि त्यांना निरोपाचा समारंभ दिसत होता: नारळ, शाल, आणि साहेबांच्या तोंडी ते वाक्य, एकही चुकीचं रोप नाही. हे रजिस्टर साहेबांपुढे जाणार. भागूबाईपर्यंत पोचायला त्याला अर्धा दिवस पुरेल.

“गच्चीवर आपसूक उगवलं म्हनलं, तर?” त्यांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच मऊ लागला.

प्रांजली पुन्हा खाली बसली. “तर ही भेसळ. शंका आली की उपटायचं, रोप काय आपलं सोयरं नाही. तुम्हीच शिकवलंत, काका.” आणि तिने हात बुंध्याला घातला. ओढला नाही, नुसता ठेवला. अंगठा बुडाशी, मनगट सैल, बोटं मुळांच्या बाजूला वळलेली. तंतोतंत त्यांची पकड, त्यांनी सहा वर्षांपूर्वी तिचा हात हातात धरून बसवलेली. एका झटक्यात सगळं वर येईल अशी. ती उपटेल का? तिच्या चेहऱ्यावर त्यांना काहीच दिसलं नाही, आणि भेसळ ओळखणाऱ्या त्या नजरेला पहिल्यांदाच काही ओळखू आलं नाही. सत्तर दिवस तीही वाट बघत होती, एवढंच कळलं. तिचं सगळं काम बुडत असताना एकदाही न विचारता, हा माणूस स्वतःहून बोलतो का, याची वाट बघत होती. किती द्वेष करायची ही आपला. आणि आपण समजत होतो की द्वेष फक्त आपल्याकडेच आहे.

“रजिस्टर आना,” काकासाहेब म्हणाले.

त्यांनी उभ्यानेच लिहिलं. अक्षर जुन्या वळणाचं, बारीक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे चौदाव्या ओळीतलं नववं रोप मी उपटलं. उंदराने कुरतडलं हे मी खोटं सांगितलं. रोप मी घरी नेऊन वाढवलं, ते आज आणून दिलं. इथे पूर्णविराम दिला, आणि पेन उचलायला हवं होतं, पण हात थांबला नाही. आधी हात की आधी काय, हे या खेपेलाही त्यांना कळलं नाही. पुढच्या ओळीवर तो आपणहून गेला आणि लिहून मोकळा झाला: ज्वारी मेंढरांनी खाल्ली नव्हती, म्हैस आमची होती. खाली त्यांनी सही केली. अठ्ठावीस वर्षांनी का होईना, आपण केलं, असं त्यांना वाटलं, आणि त्याबरोबर एक हावरी आशा आत हलली की आता ही काहीतरी म्हणेल.

प्रांजलीने रजिस्टर आपल्याकडे वळवून वाचलं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली, पुन्हा वाचलं. बाहेर लोळलेल्या साळीवर चिमण्या उतरत होत्या, त्यांचा आवाज शेडभर होता. तिचे ओठ एकदा हलले. मग तिने ड्रॉवर उघडून पट्टी काढली, शेवटच्या ओळीवर ठेवली आणि डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ मारली.

“हे ज्यांना सांगायचं होतं ते दोन वर्षांखाली गेले,” ती म्हणाली. “इथं फक्त साळीचं लिहायचं.”

तिने रेघेच्या शेजारी आपली आद्याक्षरं टाकली आणि पेन त्यांच्यापुढे केलं. “तुमचीपण. खोडलं की शेजारी सही.”

काकासाहेबांनी वाकून पाहिलं. रेघेखालचं सगळं वाचता येत होतं, ज्वारी, मेंढरं, म्हैस, एकही अक्षर झाकलं नव्हतं. नियमच तसा होता. त्यांनी सही केली. ती तोवर लाल दोऱ्याचं रीळ खिशात टाकून प्लॉटात उतरली होती, एकशे चौदाव्या ओळीकडे, आणि बादली तिने बरोबर नेली होती.